थोरल्या साडूंचे जॅस्पर

माणसाला दमवण्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा या जगात असतील, तेवढ्या सगळ्या माझ्या थोरल्या साडूंना उपजतच येतात. आणि त्यांतली एकही ते मुद्दाम वापरत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. माझ्या बायकोची मोठी बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती त्यांची बायको. ते राहतात बजाजनगरला आणि मी हर्सूलला. मधे अख्खं शहर आहे, त्यातले सिग्नल आहेत, खोदून ठेवलेले रस्ते आहेत आणि माझी कंबर आहे. तरी गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो, "काय पाव्हणं, निघालात का?" मी येणार आहे का, असं त्यांनी आजवर कधी विचारलेलं नाही. मी एका कॉलेजात कारकून आहे. आठवड्याचे सहा दिवस मी पोरांचे अर्ज तपासतो आणि सातव्या दिवशी साडूंचे दगड. आराम हा प्रकार मी निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवला आहे.

दगड म्हटलेलं साडूंना चालत नाही. जॅस्पर म्हणायचं. आपल्याकडच्या काळ्या रानात, ओढ्याच्या पात्रात, गारगोट्यांच्या संगतीनं हा पडलेला असतो. लाल, मोहरीसारखा पिवळा, क्वचित शेवाळी हिरवा. त्यातून उजेड आरपार जात नाही आणि वरून तो विटेच्या तुकड्याहून फारसा निराळा दिसत नाही. शेतकरी औत अडलं की त्याला शिव्या देतात आणि उचलून बांधावर फेकतात. साडू त्या बांधाबांधांनी फिरतात. एकदा एका शेतकऱ्याला त्यांनी फार अदबीनं विचारलं, "हे दगड नेऊ का?" तेव्हा तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, निस्ते दगड कशाला, वावरच घेऊन जावा." साडूंना ही चेष्टा आहे हे कळलं नाही. ते म्हणाले, "नाय, वावर नको. लाल तेवढे द्या." मग ते लाल तेवढे माझ्या स्कूटरच्या डिकीत आणि उरलेले माझ्या पायांच्या मधे ठेवून आम्ही परत आलो.

चांगला जॅस्पर ओळखायचा त्यांचा उपाय एकच, तो म्हणजे जीभ. दगड उचलायचा, पँटला पुसायचा आणि चाटायचा. ओला झाला की आतला खरा रंग वर येतो, असं त्यांचं शास्त्र. हे शास्त्र शेतात ठीक आहे. पण सोयगावला एका नातलगाच्या लग्नात, वऱ्हाड मांडवात शिरत असताना, हे गृहस्थ कडक इस्त्रीच्या सफारीत रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाशी थांबले आणि एकामागून एक दगड चाटायला लागले. वरमाईनं आक्काला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांना काय होतं का?" आक्का अशा प्रश्नांना सरावलेली आहे. ती म्हणाली, "नाय हो, त्यांचं दगडाचं असतं तेवढं." तेव्हापासून सोयगावात आमच्या घराण्याबद्दल काय बोललं जातं, ते मी कुणाला विचारलेलं नाही.

या विटकरी तुकड्याला आरशासारखी चमक येते कशी, हे मला इतक्यांदा सांगण्यात आलं आहे की भर गर्दीत थांबवून कुणी विचारलं तरी मी ते घडाघडा म्हणून दाखवीन. साडूंनी मागच्या बाल्कनीत जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर एक यंत्र बसवलं आहे. फिरत्या रुळांवर आतून रबर लावलेला डबा आडवा ठेवायचा, त्यात दगड, पाणी आणि रव्यासारखी जाड, काळी, खरखरीत पावडर घालायची आणि डबा फिरत ठेवायचा. एक आठवडा, अहोरात्र. मग सगळं धुऊन त्याहून बारीक पावडर आणि आणखी एक आठवडा. मग त्याहून बारीक. आणि चौथ्या आठवड्यात पिठासारखी मऊ, फिकट गुलाबी पावडर, जी चमक आणते. म्हणजे महिनाभर त्या घरात घर्रर्र घर्रर्र असा आवाज चालू. शेजारच्या काकूंनी पहिल्या महिन्यात तक्रार केली, दुसऱ्या महिन्यात कानात कापूस घातला, आणि पुढं एकदा वीज जाऊन डबा थांबला तेव्हा त्याच धावत आल्या. "भाऊंची तब्येत बरी हाय ना? आवाज बंद झाला म्हणून काळजात धस्स झालं," म्हणाल्या. साडूंना हे फार आवडलं. त्यांच्या मते चमकेची कदर असलेली ती गल्लीतली पहिली बाई.

या सगळ्या खटाटोपाचा एकच शत्रू आहे: आधीच्या आठवड्यातला चुकून राहिलेला कण. शेवटच्या मऊ पावडरीत जाड पावडरीचा एक जरी कण राहिला, तरी तो आठवडाभर सगळ्या दगडांना ओरबाडत फिरतो आणि महिन्याची मेहनत पाण्यात जाते. म्हणून साडूंच्या घरी चार बादल्या, चार ब्रश आणि चार फडकी. काळी बादली पहिल्या आठवड्याची, निळी दुसऱ्या, पिवळी तिसऱ्या आणि पांढरी चौथ्या. नळाला पाणी येतं त्या दिवशी आधी या बादल्या भरतात, मग घरातल्या माणसांचा विचार होतो. पांढऱ्या बादलीला तर देवघराइतकं सोवळं. एकदा मी नकळत तिच्यात हात धुतले. साडू ओरडले नाहीत. त्यांनी ती रिकामी केली, साबणानं सात वेळा घासली, उन्हात पालथी घातली आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमचा राग नाय. पण तुम्ही आपले बादलीपासून चार फूट लांब बसत जा." मोजायला त्यांनी टेपही आणला.

डब्यातला गाळ मोरीत ओतायचा नसतो, तो आत सिमेंटसारखा बसतो, हे ज्ञान त्यांना मोरी तुंबल्यावर झालं. प्लंबरनं पाइप कापला तेव्हा आतून पाइपच्याच आकाराचा, वळणासकट, राखाडी रंगाचा दांडा बाहेर आला. तीन दिवस आक्कानं भांडी अंगणात नेऊन घासली होती. पण साडूंनी त्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि भारावून म्हणाले, "बघा पाव्हणं, काय दळलंय! एक खडा हाताला लागत नाय." तो दांडा आता काचेच्या कपाटात, कंपनीनं दिलेल्या घड्याळाच्या शेजारी आहे. आक्का त्या तीन दिवसांबद्दल कधी बोलत नाही, आणि तिचं ते न बोलणं घरभर ऐकू येतं.

डब्यात न मावणारे मोठे दगड हातानं करायचे असतात. त्यासाठी मोटरवर चामडं चिकटवलेली लाकडी चकती. ते चामडं शहागंजातल्या एका जुन्या दुकानातूनच हवं. त्या दुकानातले म्हातारे चाचा दर वेळी चामडं कापताना म्हणतात, "इत्ती मेहनत कायकू करते साब? पत्थर है, पत्थरीच रहता." आणि दर वेळी साडू त्यांना भर गिऱ्हाइकीत समजावून सांगतात की चामडं ओलंचिंब असेपर्यंत काही होत नाही, पण ते वाळत आलं की दगडाला धरतं, हाताला ओढ लागते, आणि त्या ओढीच्या चार-सहा सेकंदांतच चमक येते. आधी उचलला तर दगड मठ्ठ राहतो, उशिरा उचलला तर तापून तडकतो. चाचा ऐकून घेतात. मी बाहेर स्कूटरवर बसून राहतो.

हे वेड त्यांना लागलं ते नोकरीमुळं. वाळूजच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं फिनिशिंग खात्यात होते, आणि त्यातली बरीचशी शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. माल बाहेर पडायच्या आधी त्यांच्या हातून जायचा. लोखंडाच्या कडीवर केसाएवढा ओरखडा असला तरी त्यांना दिसायचा, आणि दिसला की ती कडी लाल ट्रेमधे. मग ती कुणी केली आहे, त्याच्या घरी आज बारसं आहे की काय आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. खात्यातले लोक त्यांना 'रिजेक्टसाहेब' म्हणत. तोंडावर हसून आणि पाठीमागं न हसता. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. दोन महिने त्यांनी घरातली ताटं-वाट्या तपासल्या. मग आक्कानंच म्हणे एक दिवस त्यांना बाहेर फिरून या म्हणून सांगितलं, आणि येताना ते खिशात एक लाल दगड घेऊन आले. आपण काय करून बसलो हे तिला महिन्याभरानं कळलं.

आता माझ्या कामाबद्दल. माझं काम बघण्याचं. तयार झालेला दगड पुसून, कोरडा करून साडू माझ्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "बोला." कोरडा अशासाठी की ओला दगड कुठलाही चमकतो, त्यावर भुलायचं नसतं. "मी केलेलं मीच पास करायचं, हे बराबर नाय. करणारा वेगळा आणि बघणारा वेगळा पायजे," हा त्यांचा कारखान्यातला नियम. पहिल्या वर्षी मी खरोखर बघायचो. दगड उजेडात फिरवायचो, कुठं एखादा ओरखडा दिसला तर दाखवायचो. साडूंना एवढा आनंद व्हायचा की ते सगळाच्या सगळा डबा पुन्हा आठवडाभर फिरायला लावायचे, त्या ओरखड्याचं मूळ मला दीड तास समजावून सांगायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच दगड माझ्या तळहातावर यायचे. खोट काढली की रविवार वाढतो, हे गणित माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. मग मी 'छान आहे' म्हणायला लागलो. चहा पिता पिता म्हणायचो, पेपर वाचता वाचता म्हणायचो, कंबर चोळता चोळता म्हणायचो. त्यांनी दगड कुणाच्या तरी हाती माझ्या घरी पाठवला, तर जेवता जेवता फोनवरून म्हणायचो. एकदा तर दगड हातात पडायच्या आधीच म्हणून मोकळा झालो. खरं तर मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण साडूंनी नुसती मान हलवली आणि दगड पास झालेल्यांच्या ट्रेमधे ठेवला. पूर्वी ते माझ्या 'छान'वर उलटतपासणी घ्यायचे. अलीकडं दोन-तीन वर्षं घेत नव्हते. मला वाटलं, वयानं माणूस निवळला. मनातल्या मनात मी देवाचे आभारही मानले.

तशा आणखी काही गोष्टी दिसत होत्या. ते चहा बशीत ओतताना थोडा टेबलावर ओतायचे. हिरव्याला लाल म्हणायचे. पेपर समोर धरून अर्धा-अर्धा तास पान उलटायचे नाहीत. पण दमलेल्या माणसाला फक्त स्वतःचं दमणं दिसतं, आणि मी तर त्यात तरबेज झालो होतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या जुन्या खात्यातल्या लोकांचा मेळावा ठरला. एकवीस जण येणार होते. साडूंनी ठरवलं, प्रत्येकाला एक जॅस्पर द्यायचा. आयुष्यभर ज्यांच्या कड्या त्यांनी लाल ट्रेमधे टाकल्या, त्याच लोकांच्या हातात त्यांना स्वतःचं काम ठेवायचं होतं. "घेऊ दे हातात. काढू दे खोट. कुणाला सापडली तर मी तिथंच कान धरून उभा राहीन," ते म्हणाले. इतका उत्साह मी त्यांच्यात त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मेळाव्याला दोन आठवडे असताना एकवीसच्या एकवीस दगड ट्रेमधे कापसावर मांडून झाले होते. प्रत्येकावर माझं 'छान' होतं.

त्याच आठवड्यात माझी बायको फडताळ आवरत होती. त्यावर साडूंनी दिलेले दोन दगड आहेत, एक फार जुना आणि एक सहा महिन्यांपूर्वीचा. तिनं मला हाक मारली. "अहो, ह्या नव्यावर काय बसलंय बघा. पुसून पुसून हात दुखले. चिंच लावून घासला तरी निघत नाही." मी दोन्ही दगड घेऊन दारात उन्हात गेलो. जुन्या दगडावर समोरच्या घराचं फाटक लख्ख दिसत होतं. नव्यावर पांढुरका धूर होता, आणि जरा तिरपा धरल्यावर त्या धुरात शेकडो बारीक ओरखडे दिसले. त्या पहिल्या वर्षानंतर मी आज पहिल्यांदाच दगडाकडे बघत होतो. हा पास केला तेव्हा मी काय करत होतो ते मला आठवलं. मी सुपारी कातरत होतो.

रविवारची वाट न बघता मी दुसऱ्याच दिवशी बजाजनगरला गेलो. मला आपणहून आलेला पाहून आक्का घाबरली, म्हणाली, "कोण आजारी हाय?" मी म्हणालो, सहज आलो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं आलात. यांचे डोळे दिवसेंदिवस उतरायलेत. डॉक्टर म्हणतात, साखरेनं पडदे खराब केले, आता आहे तेवढं राखायचं. पण तुम्ही दगड बघता ना पाव्हणं, म्हणून मी निवांत हाय." मी बाल्कनीत गेलो. ट्रे उन्हात ओढला आणि एक-एक दगड कोरड्या फडक्यानं पुसून बघत गेलो. साडू बाजूला स्टुलावर बसले होते. ते दगडाकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. किंवा माझं तोंड जिथं असावं तिथं. असं ते किती रविवार बघत आले असतील, याचा विचार मनात आला आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. 'छान आहे' म्हणणं आजही सोपं होतं. मग दहा दिवसांनी एकवीस जणांनी ते दगड अंगठ्यानं चाचपले असते, एकमेकांकडे पाहिलं असतं, आणि रिजेक्टसाहेबांचा मान राखायला तेही 'छान आहे' म्हणाले असते. नाहीतर हसले असते. दोन्हीपैकी काय वाईट, ते मला ठरवता येईना.

"दादा, हे पास नाहीत," मी म्हणालो.

"कोणते?"

"चौदा."

त्यांनी ट्रेची कड चाचपली. मग म्हणाले, "काय हाय? खड्डे का ओरखडे?"

"ओरखडे. गोल गोल, बारीक. आणि वरून धूर."

"कडंला का मधे?"

"सगळीकडं."

"म्हंजे कण राह्यला धुण्यात," ते म्हणाले. "बादल्यांचे रंग आता मला..." आणि थांबले. मग अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "आधीचे? तुम्ही छान म्हणलेले?"

मी म्हणालो, "मी बघतच नव्हतो, दादा. हातात घ्यायचो, पण बघत नव्हतो. कंटाळा आला होता."

इतकी वर्षं मनात हे वाक्य अगदी निरुपद्रवी होतं. बाहेर पडल्यावर ते किती हलकट आहे ते मला ऐकू आलं. साडूंनी गुडघ्यावरचं फडकं उचललं, नीट चौकोनी घडी घातली. "मला तीन वर्षं झाली, मधलं काय दिसत नाय," ते म्हणाले. "कडंकडंनं दिसतं थोडं. तुम्हाला सांगितलं नाय, कारण सांगितलं असतं तर तुम्ही दयेपोटी छान म्हणला असतात. मला दयेचं छान नको होतं पाव्हणं." मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं ते रडतायत. ते हसत होते. "हे तर कंटाळ्याचं निघालं की वो!" ते म्हणाले, आणि डोळे पुसले. त्या हसण्यानं मला जेवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं, तेवढं त्यांच्या शिव्यांनी झालं नसतं.

डब्यात फिरवायला महिना लागला असता. हातात दहा दिवस होते. मी कॉलेजात रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं, कारण दुसरं काही लिहिलं असतं तर मला डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणावं लागलं असतं. रोज सकाळी शहर ओलांडून जायचं आणि चार फुटांच्या आत बसायचं. बादल्या मी धुवायच्या, पावडर मी काढून द्यायची. साडू आधी पाण्यात भिजवलेल्या पॉलिश कागदावर दगड घासायचे आणि मग चामड्यावर धरायचे. त्याला डोळे लागत नव्हते. चामड्याची ओढ त्यांना बोटांत कळायची. "आली, आली," असं पुटपुटत ते नेमक्या क्षणी दगड उचलायचे. मग मी तो पुसायचा, कोरडा करायचा, उन्हात धरायचा आणि बोलायचं. आता उलटतपासणी पुन्हा सुरू झाली होती. "पिवळी शीर कुठून कुठं जाते?" ते मधेच विचारायचे, मी खरंच बघतोय का हे तपासायला. पहिल्या दिवशी मी दोनदा खोटा पडलो. तिसऱ्या दिवशी एका दगडाच्या पोटाशी मला एकच ओरखडा दिसला, पापणीच्या केसाएवढा, आणि मी ओरडलो, "दादा, सापडला!" साडूंनी स्टुलावरूनच माझ्या पाठीवर थाप मारली. आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आम्हा दोघांकडे बघून परत गेली. तिला बहुधा वाटलं असावं की एक वेडा कमी होता म्हणून दुसरा झाला.

दहा दिवसांत चौदांपैकी नऊ झाले. पाच राहिले. नववा झाला तेव्हा माझी कंबर, खांदे आणि डोळे असे तिन्ही एकदम संपावर गेले होते. मी सुचवलं की राहिलेल्या पाच जणांना बाजारातले दगड देऊ, कुणाला कळतंय. त्यावर साडूंनी माझ्याकडे म्हणून ज्या दिशेला पाहिलं, त्या दिशेला मी नव्हतो, पण मला ते लागलं.

मेळाव्याच्या दिवशी सोळा जणांच्या हातात जॅस्पर पडले. जे व्हायचं तेच झालं. एकूण एक माणसानं दगड आधी अंगठ्यानं चाचपला, मग खिडकीकडे धरला, मग चष्मा वर-खाली केला. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, ज्यांच्या म्हणे सगळ्यात जास्त कड्या लाल ट्रेमधे गेल्या होत्या, ते पाच मिनिटं खोट शोधत होते. शेवटी दगड खिशात टाकून म्हणाले, "नाय सापडत." एवढ्याशा शब्दांवर साडूंचा ऊर भरून आला, हे मला शेजारी बसून दिसलं. मग ते उठून उभे राहिले. "पाच जणांचा माल आणला नाय," ते म्हणाले. "तयार होता. मीच केला होता. खराब निघाला, रिजेक्ट केला." मग कुणीतरी मागून टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले, काही जण तर उभे राहून. तीस वर्षांचं सगळ्यांचं एकदम फिटलं असावं. टाळ्या थांबल्यावर साडूंनी हात लांब करून माझा खांदा शोधला आणि म्हणाले, "मला आता दिसत नाय. बघणारे हे आमचे पाव्हणे हायेत." डोळ्यांचं त्यांनी घराबाहेर कुणाला सांगितलं ते हे पहिल्यांदाच. मिशांचे गृहस्थ त्यांच्याकडे न बघता खिशातला दगड पुन्हा काढून बघत राहिले.

त्या पाच दगडांचं काम अजून चालू आहे. आता घाई नाही, फक्त रविवार. चार झाले, ज्याचे त्याला पोचले. डोळ्यांचं म्हणाल तर हिवाळ्यात साडूंना माणसाची आकृती दिसायची, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी पोचलो की ते पावलांवरून ओळखतात. मी दमतोच. शहर ओलांडताना शिव्याही देतो. पण एखाद्या रविवारी फोन यायला उशीर झाला तर मी चपला घालून दारात उभा असतो, आणि बायको माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं.

परवा पाचवा दगड चामड्यावरून उतरला. गडद लाल, मधून हळदीसारखी शीर. मी तो पुसला, कोरडा केला, बाल्कनीच्या खिडकीसमोर धरला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "दादा, झाला! खिडकी दिसतेय आत. गजसुद्धा दिसतायत."

"किती?" साडूंनी विचारलं.

मी मोजले. "तीन."

"खिडकीला चार हायेत," ते म्हणाले.

मी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. चार होते. मग दगडाकडे पाहिलं. चौथा गज जिथं उमटायला हवा होता, तिथं डाव्या कडेला दगड अजून मठ्ठ होता. साडूंनी हात पुढं केला. मी दगड त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांचा अंगठा धरून त्या कडेवर नेऊन टेकवला. त्यांनी चामड्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले.

"बसा पाव्हणं," ते म्हणाले. "अजून वेळ हाय."

मी बसलो.